खिडकीखालच्या खोक्यांचा डेटाबेस

शाळेत काय शिकवतील याला हल्ली धरबंध राहिलेला नाही. मी चौथीतूनच सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसलो आणि जन्मभर माझं काही अडलं नाही. सातवीतल्या नातीला मात्र बाईंनी सांगितलं, घरातल्या वस्तूंचा डेटाबेस करून आणा.

"म्हणजे यादीच ना?" मी म्हणालो.

"यादी नुसती पडून राहते, आजोबा. डेटाबेसला प्रश्न विचारता येतात."

तिने कॉम्प्युटरवर रकाने पाडले. एका वस्तूला एक ओळ, प्रत्येक ओळीला वेगळा नंबर. पुढे वस्तूचं नाव, मालक कोण, शेवटची कधी वापरली.

तो शेवटचा रकाना नेमका सूनबाईंनी पाहिला. "छान! पाच वर्षांत ज्याला हात लागला नाही ते रविवारी भंगारात. पोरीच्या टेबलाला जागा होईल."

"करा, करा," मी ऐटीत म्हणालो. (मला वाटलं, आमच्या हिची झाकणं हरवलेली भांडी जातील.) मग लख्ख प्रकाश पडला. खिडकीखालची सगळी खोकी माझी. दुकान बंद केलं तेव्हा आणलेले पाने, पंप, वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आऊट काढायचा स्टँड. हात लावून वर्षं लोटली. पण तू आयुष्यात काय केलंस असं कुणी विचारलं, तर दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.

शुक्रवारी नात माझी खोकी लिहायला बसली.

"हा पाना कधी वापरलात?"

"काल."

"हा पंप?"

"काल."

"आणि हा मोडका?"

"तो मोडलाच काल, वापरताना."

"आजोबा, तुम्ही सांगाल ते कॉम्प्युटर खरं मानतो हं."

"म्हणून तर मला आवडतो. या घरात तसा तो एकटाच आहे."

रविवारी सगळे जमले. नातीने कॉम्प्युटरला प्रश्न विचारला, पाच वर्षांत कशाला हात लागला नाही? हिची भांडी आली, सूनबाईंची व्यायामाची सायकल आली (जागची हलत नाही तिला मी सायकल म्हणत नाही). माझा एक खिळासुद्धा आला नाही. मी मिशीला पीळ दिला.

"आता दुसरा प्रश्न," नात म्हणाली. "गुरुवारी कुणी काय वापरलं?"

झालं! पडदाभर मीच मी.

"एका दिवसात तीन पंप, बाबा?" चिरंजीव म्हणाले.

हिने चष्मा लावला. "गुरुवारी? अहो, गुरुवारी दूध आणा म्हटलं तर गुडघे धरून बसला होतात! खुर्चीतून उठवत नाही म्हणालात!"

आली का पंचाईत! खरं बोलावं तर खोकी जातात, खोटं रेटावं तर गुडघे.

"आता बरे आहेत गुडघे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून दूध माझ्याकडे. भाजी माझ्याकडे. सूनबाईंनी भंगारातून वाचवलेली ती न हलणारी सायकल तेलपाणी करायला माझ्याकडेच. आणि गुडघे खरंच दुखतात हो! सगळ्या प्रकरणात तेवढं एकच मी खरं बोललो होतो.

चौथ्या दिवशी मी जिन्याच्या कठड्याला लोंबकळत वर येत होतो, ते नातीने पाहिलं. पिशवी काढून घेतली. म्हणाली, "आजोबा, चुकलेली ओळ बदलता येते. आम्हाला शिकवलंय."

"तारखांना हात लावलास तर बघ!"

"लावलाय. आणि मालकाचा रकानासुद्धा बदललाय."

जेवताना तिने जाहीर करून टाकलं, "ती खोकी माझी आहेत. आजोबा ती कधीच वापरत नाहीत. आणि माझ्या वस्तू मला न विचारता कुणी भंगारात द्यायच्या नाहीत."

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं.

"मग टेबल?"

"खोक्यांवर फळी टाका."

आमची ही तोंडाला पदर लावून हसली. दूध चिरंजीव आणू लागले. त्या खोक्यांच्या टेबलाशी बसून पोरगी अभ्यास करते आणि माझा ऊर भरून येतो. एवढं लहान पोर, पण घरात माझी बाजू घेणारं कुणीतरी निघालं!

काल दुपारी सहज एका खोक्यात हात घातला.

"विचारून घ्यायचं," फळीमागून आवाज आला.

"अगं, माझा पाना..."

"माझा. कशाला हवाय?"

"काही नाही. बघायला."

"मग बघा आणि ठेवा." आणि कमरेवर हात ठेवून ती समोर उभी राहिली.

मी बघितला आणि ठेवला.