उष्णतेची बदली

गेनबाच्या चुन्याच्या हौदातल्या उष्णतेची बदली तालुक्याच्या शीतगृहात झाली आणि तसा हुकूम कोतवालानं भर दुपारी घरी आणून दिला.

गेनबाला वाचता येत नव्हतं. हुकूम वाचला शेजारच्या भागूबाईनं, कुंपणाला रेलून, एक डोळा मिटून.

"दाजी, तिला शनिवारी तिकडं हजर व्हायचंय. लई वर्सं एकाच जागी हाय म्हणत्यात."

"मंग? ती कुणाचं काय खाती?"

"मला काय इचारता? एका जागी मुरलं की माजतं, असा सरकारचा समज असतो. तुमच्याकडं बघून झाला आसंल."

गेनबा हसला नाही. हौदाच्या काठावर जाऊन बसला आणि नेहमीसारखे पाय आत सोडले. हौद कोरडा ठणठणीत होता, पण पाय गुडघ्यापर्यंत शेकून निघाले.

एके काळी नदीकाठानं नुसत्या चुन्याच्या भट्ट्या होत्या. चार गावांतल्या भिंती गेनबाच्या चुन्यावर उभ्या राहिल्या. भट्टीतून निघालेली कळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, तो घमेल्यानं हौदात टाकायचा आणि त्याची बायको ठकू वरून पाणी ओतायची. मग काय, हौद खदखदायला लागायचा, वाफेनं समोरचं माणूस दिसायचं नाही. ठकू डब्यात रताळी भरून डबा कडेला खुपसून ठेवायची. पाण्याचा हंडाही तिथंच तापायचा. गेनबाला अंग भाजेल असं कढत पाणी लागे आणि ठकू त्यात तांब्या तांब्या गार पाणी ओतत राही.

"कोमट ऱ्हाऊ द्या जरा. माणूस न्हायचाय, कोंबडी सोलायची न्हाई."

पुढं सिमेंट आलं. भट्ट्या एकेक करून विझल्या. शेवटचा हौद दोघांनी मिळून भिजवला तो गावच्या देवळाच्या पारासाठी. त्याच वर्षी ठकू गेली. चुना पाराला लागला, पाणी आटलं, पण उष्णता काही हौदातून हलली नाही. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. जाईल कुठं बिचारी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेनबा तालुक्याला गेला. उष्णता कार्यालयातल्या कुलथेसाहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली.

"सायेब, शीतगृहात उष्णतेला काय काम?"

"काम नाही. जागा आहे. रिकामी आहे."

"तिथं टिकंल का वो ती?"

"आजवर पाठवलेली एकही टिकली नाही," साहेब म्हणाले. "म्हणून तर जागा सारखी रिकामी होते."

गेनबानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मास्तरांच्या सुनेची बदली कशी थांबली, ते भागूबाईनं त्याला सांगून ठेवलं होतं. "नवरा-बायकोला एका ठिकाणी ठेवत्यात म्हणं?"

"ठेवतात. पण उष्णतेचे आणि तुमचे संबंध काय?"

"ती आमच्या ठकूची हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. असा दावा आला की जागेवर जाऊन हिशेब करावा लागतो, हे त्यांनी गंभीरपणे सांगितलं. ते शुक्रवारी आले. बूट काढून हौदात उतरले, चारी कोपऱ्यांत तापमापक धरला, मग घाम पुसत काठावर बसले.

"कळी एकटी असताना कशी होती?"

"गार."

"आणि पाणी?"

"तेबी गार. हिरीचं."

"म्हणजे दोन गार गोष्टी एकत्र आल्या आणि तापल्या?"

"व्हय," गेनबा म्हणाला. "आमच्या लग्नातबी तसंच झालं."

कुंपणापलीकडून भागूबाई फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. ते काठावर खडूनं आकडेमोड करू लागले.

"कळी कुणी टाकली?"

"म्या."

"पाणी?"

"तिनं. शेवटच्या वक्ताला हात कापत हुते तिचं, तरी तिनंच वतलं."

"बाई हयात आहेत?"

"न्हाईत."

साहेबांनी खडू थांबवला. हौदातून वर येणारी ऊब त्यांच्या चष्म्यावर धरली होती. त्यांनी चष्मा पुसला.

"उष्णता हयात आहे," ते म्हणाले. "नियम तिच्यापुरताच आहे. पाण्याच्या बाजूची निम्मी बाईंची, ती नवऱ्यापाशी राहील. कळीच्या बाजूची निम्मी तुमची. तिला थांबवता येणार नाही. माणूस आणि त्याची स्वतःची उष्णता यांना एका ठिकाणी ठेवायची तरतूद नाही."

"माझी न्या की," गेनबा म्हणाला. "खुशाल न्या."

शनिवारी सकाळच्या एसटीनं गेनबाची उष्णता निघाली. तो तिला स्टँडवर सोडायला गेला होता. कंडक्टरनं तिला पुढं इंजिनापाशी बसवलं, तिथं आधीचीच एक होती, दोघींचं जमलं.

"जपून ऱ्हा," गेनबा खिडकीतून म्हणाला. "तिथं बटाटं हायेत. त्यास्नी धरून बस."

गाडी वळणाआड गेली तसा त्याला जरा गारवा जाणवला. त्यानं टोपी कानांवर ओढली आणि घरचा रस्ता धरला.

घरी येऊन त्यानं हंडा भरून हौदात ठेवला. भागूबाई कुंपणाशी वाट बघतच होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "दाजी, तापलं का पाणी?"

गेनबानं हात घालून बघितलं.

"कोमट हाय."

"मंग? चुलीवर ठिवू का आनखी?"

"नगं," गेनबा म्हणाला. त्यानं हंडा मोरीत नेला, त्याच पाण्यानं आंघोळ केली आणि कुरकुर केली नाही.