बारा ताटांचं मशीन

सरकारनं कुठलाही कर कमी केला, की आमच्या शेजारचे मनोहरभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करतात. एरवी दाढीच्या बाबतीत ते अगदी निवांत. पण रात्री बातम्यांत करकपातीचं काही ऐकलं, की सकाळी गालाला साबण, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि स्वारी ब्रह्मपुरीच्या बाजाराकडे निघते. कुणी विचारलंच, "काय भाऊ, कुठी?" तर उत्तर ठरलेलं असतं. "सरकारनं आपलं काम केलं. आता आपली पाळी."

आपण साधी माणसं. कर कमी झाला म्हटलं की आधी आपला विश्वास बसत नाही. मग दुकानदार जुनाच भाव लावतो म्हणून त्याच्याशी भांडण होतं, आणि शेवटी जे काही वाचतं ते पोरांच्या ट्यूशनमध्ये गडप होतं. मनोहरभाऊंना आपलं हे वागणं बिलकूल पसंत नाही. "सरकार पैसे तुमाले ठेवाले देऊन राह्यलं का?" ते विचारतात. "फिरवाले देऊन राह्यलं. पैसा फिरला पाह्यजे, मॅडम." हे बोलताना त्यांची तर्जनी हवेत गोल फिरते. एकदा दूध डेअरीत हे बोट माझ्या चष्म्याला लागलं आणि चष्मा दह्याच्या पातेल्यात पडला. तेव्हापासून अर्थव्यवस्थेचा विषय निघाला की मी एक पाऊल मागे सरकते.

भाऊंची सारी नोकरी सिंचन खात्यात गेली. कालव्यावर फिरायचं, गेटं उघडायची, धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचतंय की नाही ते बघायचं. साचलेलं काही त्यांना बघवतच नाही, मग ते पाणी असो की पैसा. "वरून धरनातून सोडलं," ते समजावतात, "आन् मधातल्या मानसानं आपल्या बांधीत अडवून ठेवलं, तं टोकावरच्याचं धान वाळून जाते का नाई?" अर्थशास्त्र मला कॉलेजातल्या कुणी प्राध्यापकानं इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हे जरा दबक्या आवाजात सांगते.

मागे नोकरदारांना आयकरात मोठी सूट मिळाली. भाऊंच्या पेन्शनला आधीही कर बसत नव्हता. तरी त्यांनी दाढी केली, बाजारात गेले आणि छत्री घेऊन आले. भर उन्हाळा होता. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा काय संबंध?" तर म्हणाले, "मंग काय झालं? दुसऱ्याचा माफ झाला, त्याचा आनंद नाई का?"

नंतर साबण, तेल, टूथपेस्ट स्वस्त झाली. भाऊंनी टूथपेस्टचा अख्खा खोका उचलला. पुढचे काही महिने गल्लीत जे जे लग्न झालं, त्यात त्यांचा आहेर म्हणजे रिबीन बांधलेल्या टूथपेस्टा. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरी हातात टूथपेस्ट धरून उभी आहे, आणि तिच्या माहेरच्यांना अजून तो टोमणाच वाटतो.

पण या सगळ्यावर कडी केली ती भांडी धुण्याच्या मशीननं.

ती कपात नवरात्रात झाली. मोठा टीव्ही, एसी आणि भांडी धुण्याचं मशीन, तिन्ही एकदम उतरले. भाऊंनी दाढी केली. दुकानात त्यांनी आधी एसी पाहिला, पण वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरशी त्यांना बेइमानी करायची नव्हती. टीव्ही त्यांच्या भिंतीपेक्षा मोठा निघाला. "उरली मशीन," ते मला सांगत होते. "तिघातलं एक तं घ्यावंच लागन ना जी. नाई तं सरकारले काय वाटन?"

दुकानदारानं असलं मशीन जन्मात विकलं नव्हतं. त्यानं ते नागपूरहून मागवलं. टेम्पोतून उतरवताना सारी गल्ली जमली. कुणी म्हणालं कपाट आहे, कुणी म्हणालं फ्रीज आहे. स्वयंपाकघरात जागा नव्हती, म्हणून मशीन बाहेरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली बसलं. न्हाणीघरातून पाण्याची नळी आली. बसवायला आलेला मेकॅनिक जाताना एवढंच म्हणाला, "काका, हे बारा ताटांचं आहे. पूर्ण भरल्याशिवाय लावू नका, पाणी वाया जातं."

पाणी वाया जातं, हे त्यानं कुणाला सांगितलं तर कालवा निरीक्षकाला. भाऊंनी ती आज्ञाच मानली.

आता अडचण अशी, की भाऊ एकटे. पत्नी सुमनबाई गेल्या त्याला काही वर्षं झाली, मुलगी हैदराबादला. "मले एकच ताट आहे, मॅडम," त्यांनी मला काळजीच्या सुरात सांगितलं. एक ताट, एक वाटी, एक गिलास. दुपारी जेवून भाऊ ते ताट मशीनमध्ये ठेवायचे. रात्री जेवायला ताट लागायचंच. मग ते बाहेर काढून हातानं घासायचे, जेवायचे आणि पुन्हा मशीनमध्ये ठेवायचे. आठवडाभरानंतरही मशीनमध्ये एकच ताट होतं. भाऊ तासन्‌तास त्याच्यासमोर बसून यात नेमकं कुठं चुकतंय याचा विचार करत.

शेवटी एका सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. "मॅडम, उष्टे भांडे आहेत का?"

माझ्या सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी मला खेचून आत नेलं. "येड लागलं का तुले? उष्टे भांडे देशीन त्याहीच्या हातात? मोठे मानूस आहेत ते." मी म्हटलं, मशीन धुणार आहे, भाऊ नाहीत. पण सासूबाई ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. भाऊंना त्यांनी बाहेर खुर्ची दिली, चहा दिला, आणि तोवर मोरीत बसून सगळी भांडी राख लावून लख्ख घासली, पुसली, मग टोपल्यात घालून भाऊंच्या स्वाधीन केली. गल्लीतल्या प्रत्येक घरी हेच झालं. मोठ्या माणसाला खरकटं कोण देणार? मशीन काठोकाठ भरलं ते चकचकीत भांड्यांनी.

मशीन पहिल्यांदा चाललं. झाकण उघडल्यावर भाऊंनी एक ताट उजेडात धरलं, मग दुसरं धरलं. "काम तं चोख करते," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पन मले शंका येऊन राह्यली."

शंका फिटायला दोन खेपा लागल्या. मग भाऊंनी दाढी केली, जरी त्या दिवशी कुठलाच कर उतरला नव्हता, आणि घरोघरी जाऊन सांगितलं. "तुमी घरून उष्टं देत नाई. मंग उष्टं माह्या घरीच करा. रविवारी जेवाले या. फक्त आपापलं ताट-वाटी घेऊन या जी, मले एकच आहे."

भाऊंना आलू-वांग्याची भाजी येते आणि भात येतो. त्यापलीकडे त्यांचा अभ्यास नाही. पण भाजी बरी होते, हे मला मान्य करावं लागेल. रविवारी दुपारी गल्लीतली माणसं बगलेत ताट घेऊन निघाली, की नवख्या माणसाला वाटावं, कुठं अन्नछत्र उघडलंय. जेवणं झाली की ताटं मशीनमध्ये जायची. झाकण लागायचं. भाऊ वाकून एक बटण दाबायचे आणि मशीन घुमायला लागायचं.

आणि मग आम्ही सगळे अडकायचो.

कारण मशीनला जवळजवळ तीन तास लागत. ताटावर प्रत्येकाचं नाव कोरलेलं, ते सोडून जायचं कसं? संध्याकाळी पुन्हा जेवायचं कशात? म्हणून माणसं बसून राहायची. कुणी पत्ते काढायचं, कुणी सतरंजीवर आडवं व्हायचं. आमचे हे तर घोरायचेच. सासूबाई मशीनला कान लावून सांगायच्या, "आता फेस करून राह्यली. आता खंगाळते." तिथंच त्यांनी एकदा माझ्या सासऱ्यांनी लग्नात रुसून जेवायचं कसं सोडलं होतं, ती हकिकत सांगितली. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदा ऐकली. मधेच भाऊ चहा करायचे. चहाचे कप उष्टे व्हायचे, पण मशीन चालू असल्यानं आत जाता येत नसे. "असू द्या," भाऊ खुशीत म्हणायचे. "पुढच्या रविवारची सुरुवात झाली."

सगळ्यांना मजा वाटत होती. मला मात्र आठवड्यात एकच रविवार मिळतो. कपडे, दळण, वाटाण्याच्या शेंगा, सगळं त्या मशीनच्या घुमण्यात वाहून जायचं. एका रविवारी माझी सहनशक्ती संपली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊ, आपण सगळे मिळून तुम्हालाच बारा ताटं घेऊन देतो. म्हणजे जेवलो की हात धुवून आपापल्या घरी. तुम्ही सावकाश लावा मशीन." लोकांनी माना डोलावल्या. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "हाव, हे बरं होईन."

मला वाटलं, भाऊ उठून दाढीलाच बसतील. खरेदी म्हटली की हा माणूस फुलतो.

"नको," भाऊ म्हणाले.

भाऊंच्या तोंडून खरेदीला नको हा शब्द गल्लीनं कधी ऐकला नव्हता. ते सतरंजीची दशी ओढत होते. "थांबा जरा," ते पुटपुटले. "ताटाचे भाव अजून उतरन. आता घेऊ नका."

मी चिडले. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "साऱ्या देशाला खर्च करायला लावतात आणि ताटं म्हटली की लगेच कंजुषी. मी येत्या आठवड्यात आणतेच." ह्यांनी कूस बदलली.

आठवडाभर कॉलेजात पुस्तकांची मोजणी निघाली आणि ताटं राहून गेली. रविवार उजाडला. भाऊ चुलीशी होते, भाजीला फोडणी चालली होती. "मॅडम, आतल्या कपाटातून पापडाचा डबा आना जी," त्यांनी आवाज दिला. आतल्या खोलीत दोन लोखंडी कपाटं आहेत. मी चुकीचं उघडलं.

आत ताटं होती. एकावर एक रचलेली, स्टीलची, भरपूर. शेजारी वाट्यांचे मनोरे, गिलास, चमचे. वरच्या ताटाच्या काठावर कोरलेलं होतं, सौ. सुमन मनोहर खोब्रागडे. मी बोट फिरवलं. धूळ नव्हती. कुणीतरी ती नियमानं पुसत होतं.

मला सुमनबाईंच्या काळातलं ते घर आठवलं. पाहुणे, मुलीच्या मैत्रिणी, कालव्यावरची माणसं, पंगतीवर पंगती. एकच ताट असलेल्या माणसाचं ते घर नव्हतंच कधी. मग डोक्यात उजेड पडला. या ताटांत आम्हाला वाढलं असतं, तर आम्ही जेवलो असतो, हात धुतले असते, "येतो भाऊ" म्हटलं असतं आणि दहा मिनिटांत घर रिकामं झालं असतं. आमचं ताट त्या मशीनमध्ये होतं, म्हणून आम्ही बसत होतो.

मी कपाट हळूच लावलं आणि दुसऱ्यातून पापडाचा डबा काढून नेला.

जेवणं झाली. ताटं आत गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनच्या बटणांकडे नीट बघितलं. पहिलं बटण अर्ध्या तासाचं होतं. साध्या उष्ट्या ताटांना तेवढं पुरे, असं त्यावरच्या चित्रावरून कुणालाही कळलं असतं. शेवटचं होतं करपलेल्या कढयांसाठी, सगळ्यांत लांब. भाऊंचं बोट पहिल्या बटणावरून पुढं गेलं आणि सवयीनं शेवटच्यावर थांबलं. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. मी बघत होते.

"याच्यानं चांगले निंगतात जी," ते माझी नजर चुकवत म्हणाले. "घाई कायची?"

मशीन अजून सुरू व्हायचं होतं. सासूबाईंना नेमकं तेव्हाच आठवलं. "काव सूनबाई, तू ताटं आननार होती ना? काय झालं त्याचं?"

भाऊ वाकलेलेच राहिले. बोट बटणावर, पण ते दाबत नव्हते.

"चौकशी केली मी," मी म्हटलं. "ताटांचे भाव अजून उतरायचे आहेत. भाऊ म्हणतात तेच खरं. थोडं थांबू."

"कधी उतरन मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"ते काई सांगता येत नाई, बाई," भाऊ म्हणाले. "सरकारचं काम आहे. लागन टाइम." मग त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि चहा ठेवायला आत गेले.

मशीन घुमायला लागलं. ह्यांनी पत्ते काढले, आणि मी भिंतीला टेकून पाय पसरले.