लिफ्टमधला वजनकाटा

"मीट ते पुस्तक! बलाचा धडा पुस्तकात नसतो, आपल्या लिफ्टमध्ये असतो!" मी छाती पुढे काढून लेकीला सांगितलं आणि बाथरूममधला वजनकाटा काखोटीला मारला.

लेकीचा फिजिक्सचा विषय एकदा राहिला होता. आज फेरपरीक्षा. यातही उडाली तर अख्खं वर्ष पाण्यात!

"अहो, तासाभरात पेपर आहे. वाचू द्या ना तिला सुखाने!" बायको म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम! शाळेत असताना हा धडा मी झोपेतसुद्धा सांगायचो."

"झोपेतच सांगत असाल," ती पुटपुटली.

लिफ्टमध्ये काटा मांडला, लेकीला वर उभं केलं. "खाली निघताना बघ हं, वजन क्षणभर कमी दिसेल!" दार लागणार तोच शेजारच्या काकू आत घुसल्या. काकूंचं महिनाभर डाएट चाललं होतं आणि वजन तसूभर हललं नव्हतं. काटा बघताच त्यांनी लेकीला बाजूला सारलं आणि स्वतः चढल्या. लिफ्ट निघाली. काटा झर्रकन उतरला!

"अगं बाई! चार किलो गेले!"

"काकू, ते खरं नसतं. लिफ्टचा वेग वाढतोय तोवरच..."

"तू गप्प बस रे! दृष्ट लावशील!"

तेवढ्यात काटा परत चढायला लागला. "अरे, तिथेच थांबवा त्याला!" काकू किंचाळल्या आणि कुणी काही करायच्या आत त्यांनी लाल बटण दाबलं.

गचकन लिफ्ट थांबली, दोन मजल्यांच्या मधोमध. काट्याने एक उडी मारली आणि तोही थांबला. काकूंच्या खऱ्याखुऱ्या वजनावर!

"मेले! महिनाभर उपाशी मेले!" काकूंनी गळा काढला.

"बाबा, माझा पेपर!" लेकीनेही काढला.

मी दिसेल ते बटण दाबलं. लिफ्ट ढिम्म! जिन्यातून बायकोची हाक आली, "काय चाललंय तिथे?"

"प्रयोग!" मी कसाबसा बोललो. जिचं वर्ष वाचवायला निघालो, तिलाच ऐन पेपरच्या वेळी कोंडून बसलो होतो! कुठून ही दुर्बुद्धी सुचली!

शेवटी मेकॅनिक आला. दार उघडताच त्याने विचारलं, "लाल बटण कुणी दाबलं?" काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. लेक मात्र चपला हातात घेऊन जी पळाली, ती घंटा होता होता वर्गात पोचली.

परत आली ती हसत. "बाबा, लिफ्टचाच प्रश्न होता! पाच मार्कांचा!"

मी टुणकन उठलो. "बघ! लिहिलंस ना?"

"छे! 'लिफ्ट' वाचलं आणि तो प्रश्नच सोडला. खाली 'किंवा' होतं, अणूची रचना. ती लिहिली, एकदम झकास! आता पास नक्की!"

"अणू? पण अणू तर मी तुला शिकवलाच नाही!"

"हो ना," लेक चपला काढत म्हणाली, "म्हणूनच तर आला."