खोटेवाडीची हजेरी

इंगवले मास्तर रोज सकाळी मला माझं नाव विचारायचे.

शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आमची टेबलं एकमेकांना चिकटलेली. दोन वर्षं रोजची भेट. तरी मी चपला काढतोय तोवर समोरून प्रश्न यायचा, "नाव?" मी म्हणायचो, "जाधव." मग ते वहीत बरोबरची खूण करून कामाला लागायचे. एकदा गंमत म्हणून मी "पाटील" म्हणालो. मास्तरांनी फुली मारली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

"अहो मास्तर, तुम्हाला माहीत आहे की माझं नाव!"

"मला म्हाईत हाय. तुमाला म्हाईत हाय का, ते बघतोय. काल बरोबर सांगितलंसा म्हणून आज बी सांगशिला कशावरनं?"

मी नुसती मान डोलावली. त्या ऑफिसात माझा बराचसा वेळ अशी मान डोलावण्यातच गेला, कारण मला तिथलं काहीच कळायचं नाही.

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. आमचे मालक साळोखेसाहेब संस्थांसाठी डेटाबेस तयार करायचे. म्हणजे आतल्या खोलीत एक मोठं मशीन, त्याच्या पोटात सगळ्या सभासदांची माहिती. बाहेरच्या पडद्यांवरून कुणीही प्रश्न विचारावा आणि मशीननं उत्तर द्यावं. मी आपला टायपिंगच्या पुण्याईवर आत शिरलेलो. मास्तर शाळेतलं गणित सोडून आलेले. त्यांचं काम मशीनची परीक्षा घेणं.

परीक्षाही आपोआप! दोनशे प्रश्न आणि त्यांची बरोबर उत्तरं मास्तरांनी आधीच भरून ठेवलेली. सकाळी एक बटण दाबलं की मशीन स्वतःच स्वतःला प्रश्न विचारायचं, स्वतःच उत्तरं द्यायचं आणि प्रिंटर करकरत पास-नापासाचा कागद बाहेर टाकायचा.

"मग ते कॉपी करणार नाही का?" मी एकदा विचारलं. त्या दिवशी मास्तरांनी मला चहा पाजला, का ते मला आजही माहीत नाही.

परीक्षेसाठी त्यांनी एक गावच रचलं होतं, खोटेवाडी. माणसं चाळीस. एकाला आडनावच नव्हतं. एकीचं नाव इतकं लांब की पडद्यावर मावायचं नाही. गणपा नावाचा एकजण एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला.

"असली वाकडी माणसंच मशीनला अडवत्यात," मास्तर म्हणायचे. "सरळ माणसाला कोन बी सांभाळतंय की."

रोज परीक्षेआधी अख्खं गाव पुसायचं, पुन्हा पहिल्यापासून लिहायचं आणि मगच प्रश्न विचारायचे, हा मास्तरांचा नियम. काल उरलेलं काही आज मधे येता कामा नये.

आणि एके दिवशी सतरावा प्रश्न नापास झाला. "गावात माणसं किती?" उत्तर हवं चाळीस, मशीन म्हणे एकेचाळीस. दुसऱ्या दिवशीही तेच, पुढचे पंधरा दिवस तेच. खुणेचं एक टिंब चुकलं तरी तावातावानं उठणारे मास्तर यावर नुसते "असू दे" म्हणत आणि कागद घडी घालून खिशात ठेवत. माझं डोकं चालेना.

शेवटी साळोखेसाहेबांच्या हाती तो कागद लागला. "मास्तर, सोमवारी संस्थेची माणसं बघाय येणार. दोनशेच्या दोनशे पास पायजेत. न्हाईतर काम बी जाईल, आन् तुमाला बी ठेवाय जमणार न्हाय मला."

मास्तरांनी कागद परत घेऊन खिशात ठेवला. मला मशीन कळत नव्हतं, पण मोजता येत होतं. मी गावाची यादी छापून घेतली आणि बोट ठेवत मोजायला बसलो. एकेचाळिसावं नाव होतं, लक्ष्मी इंगवले, शिवाजी पेठ. मग मशीनला दिलेल्या पुसायच्या हुकमाचा कागद बघितला. त्यात एक ओळ होती, एवढं नाव सोडून बाकी सगळी पुसावीत.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मास्तरांना मूलबाळ नव्हतं.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. मास्तरांनी चष्मा काढला.

"रेशन कार्डावरनं तिचं नाव मीच कमी करून आणलं, जाधव. मतदार यादीतनं बी मीच. म्हटलं हितं लिवू, हितं कोन कमी करा म्हणणार न्हाय. मग सकाळी पुसाय बसलो, तर हातच उठंना."

मी त्या नावावर बोट ठेवलं. "मास्तर, काकूंना गावातच घ्या की. रोजच्या यादीत नाव घाला आणि उत्तर एकेचाळीस करा. गावाबरोबर पुसल्या जातील, गावाबरोबर परत येतील."

"पर पुसली जाईल की."

"अर्धं मिनिट, मास्तर."

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग स्वतःच्या हातानं त्यांनी यादीत नाव घातलं आणि ती सोडून देणारी ओळ काढून टाकली.

सोमवारी दोनशेच्या दोनशे पास झाले. काम मिळालं, मास्तर राहिले. त्यानंतर सकाळचं बटण मात्र मी दाबायचो. मास्तर उठून बाहेर जिन्यावर जायचे आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. आत गाव पुसलं जायचं, मग एकेक नाव पडद्यावर परत यायला लागायचं. तेवढ्यात दाराबाहेरून आवाज यायचा.

"आली का?"

"आल्या, मास्तर. या आत."