माती पाहिजे, फुकट

कोर्टानं ग्लेन स्टटलरला एक आड एक शनिवार-रविवार मुलगी दिली होती. कोर्ट दिलदार असतं. मुलीला यायचंय की नाही, हे बघायचं काम त्याचं नसतं. मार्चपासून कॅसिडीचे निरोप यायला लागले. एका शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस, पुढच्या वेळी परीक्षा, आणि त्यापुढच्या वेळी नुसतंच 'जमत नाहीये, सॉरी डॅडी', शेजारी एक पिवळा हसरा चेहरा. ग्लेन फोनमधल्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत बसला. मेला हसायचा थांबेना.

मागच्या खेपेला जाताना ती एवढंच म्हणाली होती, "डॅडी, इथे करायला काहीच नसतं रे."

दुसरा कुणी असता तर त्यानं विचारलं असतं, 'काहीच म्हणजे काय गं बाई?' पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलणं हा काही ग्लेनचा प्रांत नव्हे. (त्याची बायको टॅमी घर सोडून निघाली तेव्हा त्याला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. प्रत्यक्षात तो म्हणाला, 'गॅरेजचा दिवा बंद कर.' तिनं केला आणि गेली.)

तेव्हा विचारण्याऐवजी ग्लेननं विचार केला. इथेच घोडं पेंड खातं. त्याच्या फ्रिजवर एक जुना फोटो होता. कॅसिडी लहान, डोक्यापेक्षा हेल्मेट मोठं, चार जाड चाकांच्या छोट्या क्वाड बाइकवर बसलेली, चिखलानं बरबटलेली आणि तोंडभर हसणारी. झालं! घरामागे दोन एकर जमीन रिकामी पडली होती. तिथे उड्या, वळणं, चढउतार असलेला मातीचा ट्रॅक करायचा. मग बघू कुठल्या मैत्रिणीचा वाढदिवस आड येतो ते.

पण उडी मारायची तर उंचवटा हवा, आणि पश्चिम ओहायोतली जमीन म्हणजे पोळपाट. इथे माणसाला डोंगर बघायचा तर कॅलेंडरात बघावा लागतो. ग्लेननं एका फळीवर लाल रंगानं लिहिलं, 'भरावाची माती पाहिजे. फुकट.' आणि ती फळी रस्त्याच्या कडेला ठोकली.

गावाबाहेर नव्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिला ट्रक दारात.

"कुठे टाकू दादा?"

"घरामागे."

"किती टाकू?"

"लागेल तेवढी टाका," ग्लेन म्हणाला आणि कामावर गेला. (कुणाला लागेल तेवढी, हे सांगायचं राहून गेलं.)

तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहायचा. संध्याकाळी परत आला तेव्हा मागे एक टेकडी होती. दुसऱ्या दिवशी चार. आठवडा संपेपर्यंत स्वयंपाकघरात दिवसाढवळ्या दिवा लावायची वेळ आली. मातीत काँक्रीटची ढेकळं होती, झाडांचे बुंधे होते, आणि एक गुलाबी बाथटबही होता. ग्लेननं घाबरून फळी उपटली, पण गुळाला मुंगळे लागले की त्यांना पत्ता सांगावा लागत नाही. एका ड्रायव्हरला त्यानं दोन्ही हात हलवून "पुरे! पुरे!" असं ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात त्या भल्या माणसाला वाटलं की हा शाबासकी देतोय. त्यानं अंगठा दाखवला आणि ट्रक मोकळा केला.

शेजारच्या ओपलबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या पुढे, पण जीभ अजून धारदार.

"ग्लेन, पूर्वी माझा सूर्य शेतापलीकडे मावळायचा. आता जेवण होतंय तोच तुझ्या ढिगामागे जातो. मी काय करू, दुपारीच झोपू?"

"कॅसिडीसाठी ट्रॅक करतोय."

"पोरीला विचारलंस का?"

"सरप्राइज आहे."

"टॅमीला पण असंच सरप्राइज द्यायचास बाबा तू," म्हातारी म्हणाली आणि आत गेली.

ग्लेननं एक छोटं लोडर मशीन भाड्यानं आणलं. मोबाइलवर एक मिसरूड न फुटलेला पोरगा ट्रॅक कसा करायचा ते शिकवायचा. त्याचं बघून हा रोज संध्याकाळी माती ढकलायचा, वळणावर बांध घालायचा, पाऊस आला की बांध वाहून जायचा, हा परत घालायचा. कंबरडं पार मोडून गेलं. थंडगार पिझ्झा खाऊन तो चिखलाच्या बुटांसकट सोफ्यावर झोपायचा. पण झोपताना त्याला वाटायचं, पोरीसाठी आपण काहीतरी करतोय. असं वाटून कित्येक दिवस झाले होते.

सगळ्यात मोठी उडी कुठे करायची, एवढं ठरायचं होतं. घराच्या मागे थोड्या अंतरावर एक जागा होती. बाकी सगळं गवत पिवळं पडलं तरी तिथलं बारा महिने हिरवंगार. जमीन कसदार दिसते, असं म्हणून ग्लेननं मशीन तिकडे वळवलं. ओपलबाई कुंपणावरून ओरडल्या, "अरे, तिथे नको! तिथे तुझ्या बापानं पुरलंय!"

ग्लेननं मशीन थांबवलं. त्याला बस्टर आठवला. बस्टर म्हणजे घरचा कुत्रा, ग्लेन शाळेत असताना मेलेला. बापानं त्याला कुठे पुरलं हे कधी सांगितलं नव्हतं. (बोलायचं नाही, ही त्या घराण्याची रीतच.)

"माहितीये मला," तो म्हणाला.

"माहितीये? आणि तरी वर माती टाकतोयस?"

"त्याला आवडलं असतं."

ओपलबाई अवाक झाल्या. असं काही त्यांच्या ऐंशी वर्षांत झालं नव्हतं. ग्लेननं टोपी काढली, मान खाली घातली. मग टोपी घातली आणि त्या जागेवर ट्रकभर माती लोटली.

सगळं तयार झाल्यावर त्यानं मुलीला फोन केला. "ये. तुझ्यासाठी काहीतरी केलंय."

"काय केलंयस?"

"ये तर."

शनिवारी तिला सोडायला ट्रॉय आला. ट्रॉय म्हणजे टॅमीचा आताचा नवरा. गुबगुबीत, हसतमुख, सगळ्यांना मदत करणारा. त्याच्यात वाईट म्हणावं असं काही म्हणजे काही नव्हतं, आणि ग्लेनचा त्याच्यावर खरा राग होता तो याचाच.

कॅसिडी पांढरेशुभ्र बूट घालून उतरली. घरामागे आली आणि थांबली.

"डॅडी, हे काय आहे?"

"अरे देवा!" ट्रॉयनं गॉगल काढला. "ग्लेन! हे तू केलंस? एकट्यानं?"

ग्लेननं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. कामावरच्या एकाकडून आणलेली क्वाड त्यानं पुढे केली. "चालव."

"मी क्वाड चालवत नाही डॅडी."

"विसरली असशील. थांब, मी दाखवतो."

"अरे, विसरले नाही, मी..."

पण ग्लेन सुरू झाला होता. पहिलं वळण झकास गेलं, दुसरंही. ट्रॉयनं टाळ्या वाजवल्या. मग ग्लेन मोठ्या उंचवट्यावर चढला, हवेत गेला (हात दीड हात असेल, पण गेला), आणि क्वाडसकट खाली आला. धप्प आवाज झाला. जमीन थोडी दबली. मग आतून कुणीतरी ढेकर दिल्यासारखा आवाज आला, आणि ग्लेन, क्वाड आणि तेवढा उंचवटा जमिनीच्या पोटात गेला. मागोमाग वास आला. वासाबद्दल काही सांगत नाही, तुम्ही जेवणखाण करणारी माणसं आहात.

"सांगत होते मी!" ओपलबाई कुंपणावरून म्हणाल्या. "तुझ्या बापानं संडासाची टाकी तिथेच पुरलीये! लोखंडी! गंजली असणार ती! तू म्हणालास, माहितीये!"

ग्लेन छातीपर्यंत आत उभा होता. ज्याच्यासाठी आपण टोपी काढली ते हे, एवढं त्याला कळलं. पण तोंड उघडण्यासारखी परिस्थिती नव्हती.

ट्रॉयनं आपल्या गाडीला दोर बांधून त्याला वर ओढलं. मग अंगणात उभं करून कॅसिडीनं त्याच्यावर बागेच्या नळीनं पाणी मारलं. पाणी बर्फासारखं. ती रडत होती की वासानं डोळे चुरचुरत होते, कळायला मार्ग नव्हता.

"डॅडी, मी ते कधीच सोडलंय. क्वाडवरून पडून माझा हात मोडला होता ना? तूच दवाखान्यात नेलं होतंस."

"मग इथे करायला काही नसतं, असं का म्हणालीस?"

"कारण तू बोलतच नाहीस रे! टीव्ही लावतोस आणि बसतोस. मला वाटतं, मी कधी एकदा जाते असं होतं तुला."

ग्लेनला सांगायचं होतं, 'अगं वेडे, उलट आहे सगळं. तू गेलीस की मी आठवडाभर तुझी खोलीसुद्धा बंद करत नाही.' सगळं अगदी ओठावर आलं. बाहेर पडलं ते, "कानामागे राहिलंय बघ."

तिनं कानामागे पाणी मारलं. घरात संडास चालेना, न्हाणीघरातून उलटं पाणी वर यायला लागलं. संध्याकाळच्या आत ती ट्रॉयबरोबर परत गेली.

ग्लेननं नवी टाकी बसवून घेतली आणि आरशासमोर उभं राहून एक वाक्य पाठ केलं. दात घासताना म्हणायचा, ट्रॅक्टरचे बोल्ट मोजताना म्हणायचा. पुढच्या तिच्या शनिवारी गाडीचा आवाज आला तसा तो केस विंचरून धावत सुटला. काचेवर ऊन पडलं होतं, आतलं काही दिसत नव्हतं. आता थांबलो तर परत घशात अडकेल, या भीतीनं दार उघडायच्या आत तो डोळे मिटून ओरडला, "मी पंधरा दिवस तुझी वाट बघत असतो! आजवर सांगता आलं नाही मला!"

दार उघडलं. हेल्मेट काखेत घेऊन ट्रॉय उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"ग्लेन," तो म्हणाला, "मी पण रे!" आणि त्यानं ग्लेनला कडकडून मिठी मारली. मागे ट्रेलरवर नवीकोरी क्वाड होती.

"कॅसिडी?" ग्लेननं त्याच्या खांद्यावरून विचारलं.

"ती आईबरोबर राहिली. म्हणाली, तुम्ही दोघं खेळा."

तेव्हापासून ट्रॉय शनिवार चुकवत नाही. एक आड एक नाही, दर शनिवारी. परवा तो मागे उड्या मारत असताना ग्लेनचा फोन वाजला. कॅसिडी असेल म्हणून त्यानं झडप घातली. टॅमी होती. कित्येक महिन्यांनी.

"ग्लेन, ट्रॉय म्हणत होता, तू त्याला म्हणालास की मी तुझी वाट बघतो."

"हं."

"मला इतक्या वर्षांत एकदा जरी असं म्हणाला असतास ना..." ती थांबली. आता ग्लेननं बोलायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं.

"जाऊ दे," टॅमी म्हणाली. "त्याला अंधार पडायच्या आत घरी पाठव. आणि ओल्या कपड्यांत फिरू देऊ नकोस, लगेच शिंका येतात त्याला."

"बरं," ग्लेन म्हणाला आणि कोरडा टॉवेल शोधायला लागला.