लाल रंगाची चोरी

"माझ्या नजरेतून सुटेल अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. लिहा, मेव्हणे."

मी लिहिलं. मग भावोजींचा चष्मा शोधायला उठलो. तो त्यांच्याच कपाळावर होता. हेही लिहू का, असं विचारणार होतो. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, आपल्या मनाने एक स्वल्पविरामही घातला नाही. या वयात कुठे सुरुवात करायची?

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते गुप्तहेर आहेत. इतके गुप्त, की अद्याप एकाही अशिलाला त्यांचा पत्ता लागलेला नाही. मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत पुस्तकांसह राहतो, म्हणून सहायकही मीच.

पहिलं अशील घरातूनच आलं. माझी भाची म्हणाली, "बाबा, माझ्या कॅमेऱ्यातला लाल रंग गेला."

तिचा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. जुन्या बाजारात घेतलेला, कोपऱ्यांवरची चांदी उडालेली. आतला मेनू कुठल्याशा परदेशी लिपीत, म्हणून तिने तो कधी उघडलाच नाही. फोनमध्ये चांगला कॅमेरा असताना हा कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं होतं.

"मामा, फोन मला न विचारता सगळं नीट करतो. सावली उजळतो, माणसं गोरी करतो, संध्याकाळची दुपार करतो. हा चुकतो. पण मनापासून चुकतो."

चुकीचं इतकं कौतुक मी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. मला ते आवडलं, पण कोणाला सांगितलं नाही.

त्याच लाल रंगावर भाळून प्रदर्शनाच्या दालनातल्या बाईंनी भाचीला एक अख्खी भिंत दिली होती. मधला मोठा फोटो तेवढा बाकी होता. शनिवारपर्यंत तो मिळाला नाही, तर भिंत कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला जाणार होती. त्याचा कॅमेरा एवढा मोठा, की भिंग धरायला वेगळा माणूस लागतो. त्यात भाची आठवडाभर तापाने झोपून होती. उठली, सेल संपलेले दिसले म्हणून नवे घातले आणि दिवाणखान्यातल्या लाल पडद्याचा फोटो काढला. पूर्वी तो पडदा फोटोत पेटल्यासारखा दिसायचा. आता चहात पडलेल्या बिस्किटासारखा दिसत होता.

"कॅमेरा बदललाय," भावोजी म्हणाले. "स्टुडिओवाला."

"बाबा, झाकणावर माझ्या दाताची खूण आहे. मी ते दातानेच उघडते."

"दातही बनावट असू शकतात." एवढं बोलून त्यांनी स्वतःची कवळी जिभेने सारखी केली.

आम्ही स्टुडिओत गेलो. संशय येऊ नये म्हणून भावोजी गिऱ्हाईक झाले. "हनुवटी वर, काका," असं म्हणत स्टुडिओवाल्याने त्यांचे पासपोर्टचे फोटो काढून हातात दिले.

"सराईत आहे," भावोजी बाहेर येऊन म्हणाले. "कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही."

"आपण विचारलंच नाही, भावोजी."

"तेच तर तंत्र आहे, मेव्हणे."

घरी परतल्यावर त्यांनी पडद्याच्या फोटोला भिंग लावलं. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख होती: एक जानेवारी, साल वीसेक वर्षांपूर्वीचं. भावोजींचा आवाज खाली गेला. "हा फोटो आजचा नाहीच. कोणीतरी जुना फोटो आत घुसवलाय."

"पडद्याशेजारी तुम्ही उभे आहात, बाबा. परवा आणलेल्या चपला घालून."

भावोजींनी चपलांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ नोंदवायला सांगितली. हे घड्याळ कित्येक महिने बंद होतं, असं मला पुसट आठवत होतं. पण मला पुष्कळ गोष्टी पुसट आठवतात आणि त्यातल्या निम्म्या कादंबऱ्यांतल्या निघतात. मी निमूटपणे वेळ लिहिली.

"कॅमेरा निर्दोष आहे," भावोजींनी जाहीर केलं. "गुन्हेगार पडदा. त्याचा रंग गेलाय." त्यांनी ताईला स्वयंपाकघरातून बोलावलं. "पडदा कशात धुतलास?"

"पाण्यात."

"कधी?"

"मागच्या वर्षी. परत काढायला झालाय खरा. परवा घड्याळापाशी स्टूलवर चढले, तेव्हा वरची धूळ दिसली."

"स्टूलवर कशाला चढलीस, आई?" भाचीने विचारलं.

"घड्याळात सेल घालायला. तुझ्या कॅमेऱ्यातला एक घेतला. तू तापात, तो नुसता पडून होता. घड्याळातला संपलेला त्याच्या जागी ठेवला. रिकामी जागा बरी दिसत नाही."

भाचीने कॅमेरा उचलला. "म्हणून तारीख गेली होय."

"लालही तसाच गेला असेल," ताई म्हणाली. "आपल्या धुण्याच्या मशीनचं तेच आहे. लाइट गेली की त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं."

"पण सांगू कुठे? यातलं अक्षर वाचता येत नाही."

"मला तरी मशीनवरचं कुठे वाचता येतं? आण इकडे."

ताईने हात पदराला पुसले, कॅमेरा पडद्यावर रोखला आणि एकेक बटण दाबत गेली. पडदा करडा झाला, पिवळट झाला, मधेच हिरवाही झाला. आणि मग पेटला. आधीच्या मालकाने तो रंग निवडून ठेवला होता. भाची त्याला कॅमेऱ्याचा स्वभाव समजून जीव लावून बसली होती. माणसांच्या बाबतीतही असंच होत असेल, असं मला वाटलं. खात्री नाही.

"सेल जप्त करावा लागेल," भावोजी म्हणाले. "मुद्देमाल आहे." कोणी अडवायच्या आत ते स्टूलवर चढले आणि त्यांनी घड्याळाच्या मागे हात घातला. त्याच क्षणी भाचीने फ्लॅश उडवला.

बाईंनी तोच फोटो मधोमध लावला. मागे आगीसारखा लाल पडदा, पुढे स्टूलवर पांढराफटक पडलेला म्हातारा, हात मनगटापर्यंत घड्याळात. खाली नाव: 'चोर'. भावोजी संध्याकाळभर शेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की याला पकडणारा मीच.

ताईला आताशा वेळेवाचून अडतं, त्यामुळे घड्याळ आता पुन्हा चालू आहे. कॅमेऱ्याला तिने हात लावलेला नाही. टीव्हीचा रिमोट मात्र कालपासून बंद आहे. भावोजी त्याची बटणं दाबून दाबून थकले. मला काहीतरी वाटतंय. पण मी बोललेलो नाही.