उमरेडकर आणि ट्रकचे शॉकअप

उमरेडकर तुमच्याकडे जेवायला आले, तर बेल वाजवण्याआधी तुमची गाडी दाबून बघतात. गाडीच्या एका कोपऱ्यावर दोन्ही तळवे ठेवायचे, अंगाचं सगळं वजन टाकायचं आणि एकदम सोडून द्यायचं. मग गाडी किती वेळा वरखाली होते ते मोजायचं. एकदाच होऊन थांबली तर ठीक. तीनदा हलली, की दार उघडणाऱ्याला नमस्काराऐवजी ऐकायला मिळतं, "शॉकअप गेले बाप्पा तुमचे."

माझ्या बायकोच्या वाढदिवसाला त्यांनी आमच्या दारातल्या अकरा गाड्या अशा तपासल्या. अकरावी गाडी पाहुण्यांची नव्हती. ती समोरच्या बाईंची होती, आणि त्या आत बसलेल्या होत्या.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमची घरं शेजारीशेजारी. उमरेडकर मूळचे नागपूरचे. सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढण्याचं काम करायचे आणि ते त्यांच्या स्वभावात पुरतं मुरलं होतं. त्यांच्यासमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "साधारण म्हणजे किती?" असा प्रश्न यायचाच. सुनंदावहिनी म्हणायच्या, "पोळ्या किती करू विचारलं, तर भूक मोजून सांगतील."

अशा माणसाच्या दारात एक भलाथोरला लाल पिकअप ट्रक होता. मुलगी ईशा सोळा वर्षांची असताना तिने हट्टाने घ्यायला लावलेला. त्यावरच ती गाडी शिकली. ट्रकच्या आधीच्या मालकाने रुबाबासाठी तो तीन इंच उंच करून घेतला होता, पण शॉकअप मात्र जुन्याच लांबीचे ठेवले होते. त्यामुळे चाक खड्ड्यात उतरलं की आखूड शॉकअप पुरता ताणला जायचा आणि खाडकन आवाज यायचा. ईशाला त्याचं काही नव्हतं. उमरेडकरांना मात्र तो आवाज स्वतःच्या मणक्यात ऐकू यायचा. "बदलायचे आहेत," असं ते तीन वर्षं म्हणत होते. ऑफिसमुळे राहून जात होतं.

जानेवारीत ऑफिस गेलं. सकाळी लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना. त्यांना वाटलं, हीसुद्धा एक चूकच असणार, म्हणून त्यांनी आधी तिची रीतसर तक्रार नोंदवली. नोकरी गेल्याचा फोन त्यानंतर आला. ग्रीन कार्डच्या रांगेत सतरा वर्षं उभा असलेला माणूस. आता व्हिसाच्या नियमाप्रमाणे साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर भारतात परत. ईशा तीन तासांवरच्या युनिव्हर्सिटीत होती. तिचा स्वतःचा स्टुडंट व्हिसा होता, म्हणून ती तेवढी राहू शकणार होती.

त्या साठ दिवसांत आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी धावाधाव केली. उमरेडकरांनी शॉकअप मागवले.

नाही म्हणायला एक इंटरव्ह्यू झाला. माझ्याच ओळखीने. समोरच्याने विचारलं, हे काम साधारण किती दिवसांत होईल? उमरेडकर म्हणाले, पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तो म्हणाला, अंदाजे सांगा. हे म्हणाले, अंदाजे सांगणाऱ्यांमुळेच मला आजवर काम मिळत आलं आहे. मला हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

शॉकअपचे दोन जोड त्यांनी परत पाठवले. वेबसाइटवरच्या मापात आणि खोक्यातल्या मापात पाऊण इंचाचा फरक होता. वहिनी एकट्या घर आवरत होत्या, इथला सतरा वर्षांचा संसार सहा बॅगांत बसवत होत्या. आणि हा गृहस्थ गॅरेजमध्ये टेप घेऊन.

एका शनिवारी त्यांनी मला मदतीला बोलावलं. ट्रक उचलायला दहा मिनिटं लागतील, असं मला वाटलं होतं. आधी लेव्हल लावून गॅरेजची फरशी सपाट आहे का ते पाहिलं. हँडब्रेक. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मग जॅक. जॅकने ट्रकचा मागचा भाग वर गेला, तसा मी वाकलो. त्यांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं.

"जॅक फक्त उचलायला. जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही."

मग सांगाड्याखाली दोन पोलादी स्टँड लावले, ट्रक त्यांच्यावर टेकवला, आणि आम्ही दोघांनी तो जोर लावून हलवून पाहिला. हलला नाही, तेव्हा कुठे खाली जायची परवानगी मिळाली. चाकं पूर्ण खाली लोंबली असताना शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर मोजायचं, मग चाकं जास्तीत जास्त वर चढवून पुन्हा मोजायचं. नवा शॉकअप पहिल्या मापापेक्षा लांब ताणला गेला पाहिजे, आणि दुसऱ्यापेक्षा आखूड मिटला पाहिजे.

"साधारण सत्तावीस," मी खालून म्हणालो.

"साधारण म्हणजे किती?"

थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. माझ्याही व्हिसाचं काही खरं नव्हतं. मी बाहेर आलो आणि ओरडलो, "अहो, वीस दिवस राहिलेत तुमचे! विकून टाका ना हा ट्रक!"

ते टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "ईशाला देणार आहे. आता मी इथे नसणार. आवाज आला तर ती कोणाला बोलावणार?"

मी पुन्हा ट्रकखाली शिरलो.

मार्चमध्ये सुट्टीला ईशा आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात उभी. "काका, आय कान्ट कीप इट. होस्टेलला पार्किंगच नाहीये. पुढच्या वर्षीपण मिळणार नाही. प्लीज बाबांना सांगू नका. ही इज सो हॅपी." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

बरोबर मापाचे शॉकअप त्याच आठवड्यात आले. बापलेक दोन दिवस ट्रकखाली होते. पहिल्या दिवशी मला कुंपणावरून ईशाचं "ओके", "येस", "फाइन" एवढंच ऐकू येत होतं. शिकागोच्या हिवाळ्यातल्या मिठाने बोल्ट गंजून बसले होते, ते हटेनात. दुसऱ्या दुपारी ईशाची मराठी सुरू झाली. कॉलेजमधलं कोणीतरी, तिला न आवडलेला एक विषय, एकटीला वाटणारी भीती. उमरेडकर मधूनमधून "हं" म्हणत होते. एकदाही त्यांनी तिला आकडा विचारला नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं रेल्वेच्या फाटकावरून चक्कर मारून आलो. ईशा चालवत होती. रुळांवरून ट्रक गेला आणि काहीही आवाज झाला नाही. उमरेडकर खिडकीबाहेर बघत होते.

ईशा आत गेल्यावर ते मला म्हणाले, "आम्ही गेल्यावर आठ दिवसांनी तुम्ही हा ट्रक विकून टाका."

"ईशाला देणार होतात ना?" मी विचारलं.

"होस्टेलचे नियम मी जानेवारीतच वाचले होते," ते म्हणाले. "पण नुसतं ये म्हटलं असतं, तर दोन दिवस माझ्याजवळ थांबली असती का ती?" हातावरचं ग्रीस ते बराच वेळ पुसत राहिले. "मला वाईट वाटू नये म्हणून किती सांभाळते आहे पोरगी. सांभाळू द्या. तिला सांगू नका."

गुरुवारी उमरेडकर आणि वहिनी गेले. सहा बॅगा ट्रकमध्ये घालून ईशानेच त्यांना विमानतळावर सोडलं. परत येऊन तिने माझ्या हातात किल्ली दिली आणि पायरीवर बसली.

"काका," ती म्हणाली, "बाबांना कळलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.